अँटेना मीच फिरवली होती

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही, आणि हे तर भाजी करपल्याचं माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचे. एकदा भरदुपारी लुगडं खोचून मी घराच्या छपराच्या टिनावर चढले आणि आमच्या टीव्हीची अँटेना उलटी फिरवली. पुन्हा काही नीट बसवता येईना. पुढे कितीतरी दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्याच! अशी हुशार होते मी.

पण कायले चढले — ते सांगताना जीभ अजून अडते.

आता सून भिंतीवरच्या टीव्हीवर मोबाइलचं ॲप लावते. आधी त्यात ओळखीचे लोक तरी दिसायचे — कुणाचं बारसं, कुणाची नवी गाडी. आता सारे अनोळखी. एक संपलं की दुसरं आपोआप, मध्ये जाहिरात, मग मालिकेचा तुकडा, पुढचा उद्या. आपण नुसतं बसायचं. म्हणजे टीव्हीच की! फक्त अँटेना कुणाच्या हातात आहे, ते दिसत नाही. तेव्हा ती माझ्या हातात होती.

दिग्रसजवळच्या आमच्या गावात, आमच्या गल्लीत टीव्ही एकच. संध्याकाळी सारी गल्ली आमच्या बैठकीत. कुणी कुठं बसायचं, हे मी ठरवायचे. शेजारची रुखमा दाराशी, चपलांजवळ. कारण? काही नाही. मला तसं आवडायचं.

मग टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं गावात आली आणि आमचं वावर ओलांडून थेट रुखमाच्या नवऱ्याच्या कपाशीत शिरली. टीव्ही आमचा, आणि दिसणार तिचा नवरा? झोपच उडाली माझी.

कार्यक्रमाच्या दिवशी ती नवं पातळ नेसून, सासूला घेऊन आली. मीच तिला पुढे बसवलं — हो, मीच. तिच्या नवऱ्याचा आवाज आला, बोंडअळीवर बोलत होता. चेहऱ्याच्या जागी मुंग्या. वाऱ्यानं अँटेना फिरली, म्हणाले मी. हळहळलेसुद्धा. तो कार्यक्रम पुन्हा काही लागला नाही.

परवा दुपारी मी आणि रुखमा टीव्हीसमोर बसलो होतो. ॲपवर कुणी म्हातारा शेतकरी कपाशीत उभा राहून बोलत होता. रुखमा म्हणाली, "आमचे मालकही असेच दिसले असतील का वं?" तिचे मालक जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी रिमोट खाली ठेवला आणि सांगून टाकलं — टिन, अँटेना, माझं हळहळणं, सगळं.

ती पडद्याकडेच पाहत होती. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, तशी म्हणाली, "माहीत होतं मले. तू टिनावर चढली तवा मी आंगणात तुरी वाळू घालून राह्यली होती. त्या राती मालकाले सांगतलं, तर ते म्हणे, काही बोलू नको तिले, नाहीतर उद्यापासून टीव्ही पाहू देणार नाही ती."