पाय लागला

आईचे पाय उचलेनासे झालेत, हे आम्हाला आधी कानांनी कळलं. मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात ती चालली की फरशीवर खर्र, खर्र असा आवाज यायचा. जन्मभर झेंडू-शेवंतीच्या वाफ्यांमधून, चिखलातून झपझप चाललेली बाई, आणि आता पंजा जमिनीवरून सुटत नव्हता. टाच टेकण्याआधी बोटंच घासायची. मी रविवारी शहरातून जायचे आणि ओरडायचे, "आई, पाय उचल गं!" ती म्हणायची, "उचलते की. त्यालाच कळत नाय, त्याला मी काय करू?"

पाय घासत चालणाऱ्या माणसाचा पाय सगळ्याला लागतो. केरसुणीला, धान्याच्या गोणीला, नातवाच्या पुस्तकाला. आणि पाय लागला की नमस्कार करायचा, ही तिच्या हाडात मुरलेली सवय. खाली वाकायचं, त्या वस्तूला हात लावायचा, तो हात कपाळाला न्यायचा. दिवसभर नुसत्या उठाबशा. माझं डोकं फिरायचं. "मनातल्या मनात कर ना नमस्कार. देव काय आंधळा आहे?" तर म्हणे, "मनात लय काय काय येतं. ते कुठं खरं असतं?" आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर झेंडूचा ढीग पडला होता. मी माळा ओवत बसले होते. आई आतून आली, तिचा पाय ढिगाला घासला, फुलं चिरडली. ती लगेच वाकली. वाकल्यावर अंगाचा सगळा भार पुढे गेला. अशा वेळी तुम्ही-आम्ही नकळत एक पाऊल पुढे टाकून सावरतो. तिचं ते पाऊल पडलंच नाही. ती तशीच कुशीवर कलंडली. मी हाताच्या अंतरावर होते, आणि माझ्या हातात सुई तशीच राहिली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला. मळ्यात संडास अंगणापलीकडे, म्हणून तिला माझ्या फ्लॅटवर आणली. भाऊ म्हणाला, "आपल्या पायांनी संडासला जायला लागली की त्याच दिवशी घेऊन जातो." आईनं ते मनावर घेतलं. तिला एकच ध्यास, मळ्यात परत जायचं.

फिजिओथेरपीचे व्यायाम करून घेणारी मुलगी रोज यायची. चांगली होती बिचारी. म्हणायची, "आजी, एक पाय उचलायचा तर आधी सगळं वजन दुसऱ्यावर टाकावं लागतं." हे आपण आयुष्यभर करतो आणि आपल्याला ठाऊकही नसतं. आई वॉकर धरून उभी राहायची. ऑपरेशनच्या पायावर भार द्यायची वेळ आली की थरथरायला लागायची. कंबर त्या बाजूला झुकायचीच नाही, आणि मग चांगला पायही उचलला जायचा नाही. हाड जुळलंय, असं डॉक्टर सांगत होते. पण तिचा त्या पायावरचा विश्वासच उडाला होता. मी चिडायचे, विनवायचे, बाथरूममध्ये जाऊन रडायचे. भीती वाटायची मला, खरं सांगते. तिच्याहून जास्त.

थंडी पडली. एका सकाळी ती वॉकर धरून बराच वेळ उभी राहिली आणि जागची हलली नाही. मग म्हणाली, "बसव मला. तुझ्या भावाला फोन लाव. म्हणावं, माझ्या खोलीत फुलांचे क्रेट ठेव. बाहेर दवानं फुलं काळी पडत असतील."

"मी नाही सांगणार. सांगायचं तर तुझ्या तोंडानं सांग," मी म्हणाले, आणि फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. तिनं सांगितलं. बाजारात भाव सांगायची तशी, स्वच्छ आवाजात. मला वाटलं, आता हा रागावेल, असं काय अभद्र बोलतेस म्हणेल.

"बरं," भाऊ म्हणाला. "मग पलंग काढून टाकू का?"