जाळरेषेतला माझा तुकडा

मी हिर्डोशीला गेले ती निसर्गाच्या प्रेमापोटी, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं कारण म्हणजे एमबीएच्या अर्जात ‘नेतृत्वाचा अनुभव’ असा एक रकाना होता आणि त्यात लिहायला माझ्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या एका पडलेल्या नाटकापलीकडे काही नव्हतं. म्हणून पर्यावरणाचं काम करणाऱ्या भोरच्या एका छोट्या संस्थेत दोन वर्षांसाठी कामाला लागले आणि संस्थेनं मला या गावात नेमलं.

गावानं पावसाळ्यात मागच्या डोंगरावर हिरडा, बेहडा आणि जांभळाची रोपं लावली होती. उन्हाळ्यात घाटरस्त्याकडून वणवा आला तर सगळ्याची राख होणार. त्यासाठी रोपांभोवतीचं गवत कापून रुंद मोकळी पट्टी काढायची होती. तिला जाळरेषा म्हणतात. हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी खूश झाले.

देवळात बैठक घेतली, तासभर बोलले. शेवटी म्हटलं, “मग रविवारी सकाळी दहाला, डोंगरावर!”

“व्हय, व्हय,” सगळे म्हणाले.

रविवारी दहा वाजता डोंगरावर मी होते, डझनभर नवे विळे होते आणि भोरहून आणलेले पन्नास वडापाव होते. बाकी चिटपाखरूही नव्हतं. अकराच्या सुमारास एक मावशी सरपणाची मोळी घेऊन उतरताना दिसल्या. बैठकीत पुढे बसून सगळ्यात जोरात मान डोलावली होती ती यांनीच.

“मावशी, सगळे हो म्हणाले होते!” मी फणकाऱ्यानं म्हटलं.

“व्हय म्हंजी ऐकलं, म्याडम. येतो म्हनलं का कुनी?”

खरंच कुणी म्हणालं नव्हतं. मावशींनी मोळी खाली ठेवली, एक वडापाव उचलला आणि खाता खाता माझी शाळा घेतली.

“धा वाजता कुनाला सवड? उजाडताना बोलवा. दवानं गवत मऊ असतंय. आन् सगळ्यांचं काम म्हंजी कुनाचंच न्हाई. घरटी तुकडा वाटून द्या.”

मग मी घरोघर फिरले. ज्यानं त्यानं आपापला तुकडा निवडला. “आन् तुमचा कुठला?” मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं. मी हसले, त्या हसल्या नाहीत. ओढ्यालगतचा तुकडा माझ्या वाट्याला आला.

पंधरा दिवसांत गावाचं काम झालं. माझा तुकडा निम्मा झाला आणि तळहाताला फोड आले. तेवढ्यात पुण्यात मुलाखतीच्या तयारीचा क्लास सुरू झाला. तिथे मी छाती पुढे काढून सांगितलं, की मी अख्ख्या गावाचं नेतृत्व केलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. सर खूश झाले, पुन्हा बोलावलं, मी पुन्हा गेले. मधल्या दिवसांत गावात असले की वाटायचं, कुणाला तरी सांगावं, माझा तुकडा राहिलाय. पण ज्यांना कामाला लावलं त्यांच्यापुढे हात कसा पसरायचा? लाज वाटायची.

वणवा भरदुपारी आला, घाटरस्त्याकडूनच. मी धावत वर गेले आणि “तुम्ही इकडे व्हा, तुम्ही तिकडे!” असं ओरडायला लागले. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ओल्या फांद्या घेऊन प्रत्येक घर आपापल्या तुकड्यावर आधीच उभं होतं. आग पट्टीपर्यंत यायची आणि तिथंच झोडपून विझवली जायची. मला तर त्यांचा हेवा वाटला.

ओढ्यापाशी मात्र ती सरळ आत शिरली.

सगळे तिकडे पळाले. तासाभरात आग विझली, पण त्या कोपऱ्यातली जांभळाची रोपं गेली. माणसं घाम पुसत टेकली. मी उभी राहिले आणि म्हटलं, “तो तुकडा माझा होता. मी निम्माच कापला होता.” सगळ्यांसमोर रडले.

कुणीच रागावलं नाही. मावशींनी काजळी लागलेले हात पदराला पुसले.

“मग सांगायचं ना, पोरी,” त्या म्हणाल्या. “दोघी-तिघी आलो असतो. न्याहारीच्या आत उरकलं असतं.”