जाधव हवालदारांची खुर्ची आणि माझी

डॉक्टरांनी खिशातली किल्ली काढली आणि माझ्या तळपायावर रेघ ओढली. मला ती दिसली, पण जाणवली नाही. "ट्रान्सव्हर्स मायलायटिस," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून समजावून सांगू लागले, "पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. त्याला सूज आली आहे. मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाहीये."

"मी चालेन ना?"

"काही जण पूर्वीसारखे चालतात, काही काठी घेऊन. काहींना नाही जमत. आपलं काय होईल ते आज सांगणं म्हणजे थाप मारणं."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिशीची होते आणि कर्वेनगरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आधी साधा ताप येऊन गेला. मग पाठीभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखायला लागलं. एका सकाळी पलंगावरून उतरायला गेले तर पाय माझे नव्हतेच. लघवीही अडली होती. हे संकोच सोडून लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. असं झालं तर घरी शेकत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

तेव्हा एमआरआय सहजासहजी होत नसे. माझा मायलोग्राम केला, म्हणजे पाठीत सुई घालून औषध सोडलं आणि एक्स-रे काढले. गाठ नव्हती. स्टिरॉइड्स सुरू झाली. पाय तसेच राहिले. पुढचे दिवस छताकडे बघण्यात गेले. भेटायला येणारी माणसं माझ्या पायांकडे न बघण्याची इतकी काळजी घेत, की मला त्यांचीच दया यायची.

घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "खडकीच्या बाजूला जखमी जवानांचं एक केंद्र आहे. मी ओळख देते, जाऊन या. खुर्चीत कसं वावरायचं ते त्यांच्याकडे बघून लवकर शिकाल."

मला संताप आला. खुर्ची कायमची, हे यांनी ठरवूनच टाकलं की काय? पण माझे यजमान ऐकेनात. ते मार्केट यार्डात एका अडत्याकडे नोकरीला होते. रविवारी त्यांनी गाळ्यावरचा टेम्पो मागून आणला आणि मागे सतरंजी टाकून मला खुर्चीसकट बसवलं. अजून कांद्याचा वास आला की मला तो रस्ता आठवतो.

मला वाटलं होतं, तिथे सगळे गप्प पडून असतील. आत शिरलो तर कडुनिंबाखाली बास्केटबॉल चालला होता. खुर्च्या एकमेकींवर धडकत होत्या, शिव्या घातल्या जात होत्या. मला बघून शिव्या थांबल्या. एक रुंद खांद्यांचा माणूस खुर्ची वळवून समोर आला. हवालदार जाधव. साताऱ्याकडचे. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या कण्यात घुसला होता.

त्यांनी 'कसं झालं' म्हणून विचारलं नाही. विचारलं, "बाई, पाठ बघता का रोज?"

"पाठ?"

"आरसा धरून. आपल्याला टोचल्यालं कळत न्हाई. कातडी लाल झाली तरी कळत न्हाई. मग जखम होते, अन् ती जखमच माणसाला नेते. गोळीतनं वाचल्याले आमचे दोघं त्याच्यानं गेले."

हॉस्पिटलात कानावर आलेला 'बेडसोअर' हा शब्द मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला. थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, फळीवरून पलंगावर सरकायचं, उतारावर मागे झुकायचं, सगळं त्यांनी शिकवलं. मी पडले की त्यांचे मित्र हसायचे. आजारी पडल्यापासून मला प्रथमच कुणी हसत होतं, आणि मला ते फार बरं वाटलं. आम्ही दर रविवारी जायला लागलो. ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री, अॅल्युमिनियमच्या किटलीतला गोडमिट्ट चहा, आणि जाधवांच्या गप्पा. त्या रविवारांची अजून ओढ वाटते.

एकदा मी विचारलं, "गावी जाता का?"

"पहिल्यांदा गेलो तवा बँड होता. वेशीपासनं मिरवत नेलं. दुसऱ्यांदा चारदोन माणसं. मग भावानं नवं घर बांधलं. चांगलं झालंय. उंबरा मात्र एवढा उंच!" त्यांनी हाताने मांडीपर्यंत उंची दाखवली. "भाऊ वाईट न्हाई, बाई. त्याच्या ध्यानातच आलं न्हाई." आणि ते चहा ओतू लागले.

इकडे माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलायला लागला होता, पण शाळेत परतायचं म्हणजे खुर्चीतच. माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शाळेला जिने आहेत. ते मी बांधलेले नाहीत. आपण आता स्वस्थपणे घरी विश्रांती घ्यावी, हे उत्तम." राजीनामा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, एवढंच. रविवारी मी ते जाधवांच्या कानावर घातलं.

त्याच महिन्यात सव्वीस जानेवारीला शाळेने खडकीच्या केंद्रातल्या जवानांचा सत्कार ठेवला. मीही गेले. व्यासपीठाला पायऱ्या होत्या. शाळेचे दोन शिपाई धावले आणि न विचारता जाधवांची खुर्ची उचलू लागले. "थांबा," ते म्हणाले, "गोणी न्हाई मी. खालीच ठीक हाय." मग ते आणि त्यांचे तिघे सोबती उन्हात खाली, आणि त्यांच्या शौर्यावरची भाषणं वर, सावलीत. शाल, नारळ, फोटो झाले. संस्थेच्या अध्यक्षांनी माइक खाली पाठवला. "दोन शब्द बोला, हवालदारसाहेब."

जाधवांनी शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"मुलांनो, तुम्ही टाळ्या वाजवल्या, बरं वाटलं. साहेबांना एक विनंती हाय. आम्हाला पुढच्या वर्षी बोलवू नका. त्यापरीस या गणिताच्या बाईंचा वर्ग खाली आणा. त्यांचं डोकं शाबूत हाय. माझंबी हाय. जिना चढता येत न्हाई, एवढंच."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुख्याध्यापक शेजारच्या झेंड्याच्या दोरीकडे बघत राहिले. मग पालकांमधून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. एवढ्या लोकांसमोर अध्यक्षांना 'नाही' म्हणता येईना. "विचार करू" म्हणाले, आणि खरंच केला. जूनमध्ये माझा वर्ग तळमजल्यावर आला आणि दारात सिमेंटचा उतार झाला.

सत्काराच्या दिवशी परतताना मी जाधवांना म्हटलं होतं, "माझ्यासाठी तुम्ही तुमचा सत्कार घालवलात."

"सत्काराचं काय, पेटीत पाच शाली हायत," ते म्हणाले. "उतार एकबी न्हाई."

हळूहळू माझे पाय परत आले, डावा जरा कमीच. आधी वॉकर, मग काठी. वॉकर घेऊन पहिल्यांदा केंद्रात गेले तेव्हा मला फाटकातच थांबावंसं वाटलं. ज्यांना कधीच उठता येणार नव्हतं, त्यांच्यासमोर चालत कसं जायचं? जाधवांनी बघितलं आणि ओरडले, "ए, बाई आल्या! खेळ थांबवा!" सगळे टाळ्या वाजवत राहिले, मी पोचेपर्यंत. मला वेळ लागला.

मी समोर उभी राहिले. ते मान वर करून हसले. "झालं. आता तुम्हीबी वरनं बोलणार."

मी एक स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

जाधव जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त आहे, काठी आहे, रोज आरशात पाठ बघायची गरज उरलेली नाही. आजारातून माणूस काय शिकला असं कुणी विचारलं की मला मोठं काही सुचत नाही. चाकांच्या खुर्चीतलं कुणी भेटलं, तर मी आधी बसायला जागा शोधते. बोलणं त्यानंतर.