पिकअपखालची काकू

मनीषनगरात आमच्या शेजारच्या काकू बोलता बोलता मध्येच थांबतात आणि कुठेतरी बघत राहतात. एका दुपारी त्यांच्या अंगणात जुनी पिकअप उभी होती. दुसऱ्या दिवशी ती विकायची होती, पण इंजिनमागचा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलायला काकांचा हातच पोचेना.

"सरका, मी पाहते," म्हणत काकूंनी बांगड्या उतरवल्या आणि चटई टाकून त्या गाडीखाली शिरल्या. मी वाकून पाहिलं, तर त्या डोळे मिटून चाचपत होत्या. जुना सेन्सर निघाला, नवा बसला. तरी काकू बाहेर येईनात.

"आता काहून पडून राहिली वं?" काकांनी विचारलं.

"थांबा ना जरासं. उद्यापासून गाडीबिना अंगण रिकामं राहीन."

काकाही हळूच आत सरकून काकूंशेजारी आडवे झाले.