मापारी ‘येतो’ म्हणाले

आश्विन वद्य षष्ठी, शके १८१८. कल्याण, तांदळाची वखार. हजर: मी, माझे भागीदार आणि आमचे मापारी.

मापारी पहिली पायली ‘एक’ म्हणून मोजत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. वखार बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. मुंबईतला गाठीचा ताप इथे पोचलाच, तर वखार कशी चालू ठेवायची हे ठरवायला आम्ही बसलो होतो. वखारीची एकुलती किल्ली मापाऱ्यांच्या करगोट्याला असते. त्यांच्या सुनेला ताप आहे, हे सकाळीच आम्हा दोघा भागीदारांना वैद्यांकडून कळलं होतं. त्यांच्या घराभोवती पहारा बसला, तर किल्लीही आत अडकेल आणि पेठेला तांदूळ मिळणार नाही.

“उद्या तुम्ही नसलात तर कुलूप कोण उघडेल?” मी विचारलं.

“शुभ बोला, शेट. मी कुठे जातोय?”

भागीदार हसले. “दारात यम आला तरी हे त्याला ‘लाभ’ म्हणूनच मोजतील.”

मापारी हसले नाहीत. पागोटं सारखं करून उठले, नेहमीसारखं “येतो” म्हणाले आणि गेले.

मागे पायलीत किल्ली होती. भागीदार तिला हात लावेनात. मीही लावलेला नाही. ती कुणी उचलायची, एवढं ठरायचं राहिलं आहे.