येळवशीच्या शेतातला निळा ड्रम

नांदेडला उतरले तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात पोऱ्या न बघताच म्हणाला, "सुशीला देऊ का?" मी म्हटलं, ही कोण? समोर बशी आली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरची-शेंगदाण्याची फोडणी! दोन बश्या खाल्ल्या.

मी सांगलीची. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वसतिगृहातली माझी मैत्रीण मंगल औशाजवळच्या खेड्यात दिलेली. "एकदा तरी येळवशीला ये," असं ती दरवर्षी सांगायची. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्हा घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातो.

एक दिवस हाताशी होता म्हणून कंधारचा किल्ला पाहिला. खंदकाच्या पाण्यात काळी तटबंदी उलटी दिसत होती. तिथून एसटीने लातूरला पोचायला दुपार झाली, आणि औशाची गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

दुसरी गाडी येईतो स्टँडमागच्या रस्त्याने फिरत राहिले. तिथे भंगारवाल्यांची रांग होती. एका दुकानापुढे निळे प्लास्टिकचे ड्रम रचले होते, माणसाच्या छातीइतके उंच. एकावरचं लेबल अर्धवट खरवडलेलं. उरलेली इंग्रजी अक्षरं जुळवली तर अर्थ निघाला : आग विझवायच्या फेसाचा अर्क.

"काय बघायलाव मावशी? धुऊन ठेवलेत," दुकानदार म्हणाला.

"हे कुठून येतात?"

"कारखान्यातनं, डेपोतनं. साबणच हाय की तो. दोनदा खंगाळलं की झालं."

"आणि घेतं कोण?"

"सगळेच घेत्यात. पाणी साठवाया. नळाला पाणी का रोज येतंय?"

मी काही बोलणार तेवढ्यात स्टँडवर औशाची गाडी लागलेली दिसली आणि मी पळाले. त्या पळण्याचा राग मला अजून येतो.

तो साबण नव्हे. तेलाची, पेट्रोलची आग विझवायच्या अशा फेसात, विशेषतः जुन्या मालात, पीएफएएस नावाची रसायनं असतात. न चिकटणाऱ्या तव्याचा लेप, पाणी न धरणारं कापड यांच्याच कुळातली. पाणी उकळा, फडक्याने गाळा, ती जात नाहीत. पोटात गेली की त्यांतली काही वर्षानुवर्षं अंगात राहतात. थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा कर्करोग, कमी वजनाची बाळं यांच्याशी त्यांचा संबंध दिसला आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे मंगलच्या शेतात पोचलो. हरभरा घाट्याला आला होता. ज्वारीच्या कडेला कोप (कडब्याची खोपी) उभारली होती, आत पाच पांडवांचे चुना लावलेले दगड. मंगलचे यजमान महादप्पा, मी त्यांना दाजी म्हणते, कपाळावर भस्म लावून शेताभोवती पाणी शिंपडत फिरले. मग पंगत बसली. भज्जी (हिरवे दाणे, भाज्या आणि बेसनाची पातळ भाजी), बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) आणि मडक्यातली आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ घातलेलं आंबट ताक. मंगलची सून रेखा वाढत होती. तिला सातवा महिना होता.

दोन पेले पिऊन तिसरा मागितला. "घट्ट झालीय, पाणी घालते," म्हणून रेखा लिंबाखाली गेली आणि निळ्या ड्रममधून तांब्या भरून घेतला. ड्रमवर खरवडलेलं लेबल होतं. तीच अक्षरं.

"थांब! ओतू नकोस!"

सगळ्या पंगतीचे हात थांबले. मी सांगितलं ते दाजींनी शांतपणे ऐकलं.

"ताई, दोन वर्सं झाली, ह्यातलंच पितोय. कुनाला काय झालं?"

"झालं की नाही, हे कुणी तपासलंय का दाजी?"

रेखा तांब्या धरून तशीच उभी होती. "मावशी, माझ्या पोटातल्याला?"

"माहीत नाही गं. किती उतरलं, तेच माहीत नाही."

ती ड्रम कलता करायला वाकली, तर मी पुन्हा ओरडले, "इथे नको, रानात नको!" मग कुठे? जे मातीतही कुजत नाही, ज्याला मरण नाही ते ओतायचं कुठे? शेवटी विहिरीपासून लांब, रस्त्याकडेच्या मुरमात ओतलं. तीस वर्षं शिकवून माझ्याकडे एवढंच उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी ड्रम टेम्पोत घालून मी, मंगल आणि दाजी लातूरला आलो. आधी पाणी तपासणाऱ्या कचेरीत गेलो. तिथले साहेब सभ्य होते. "जंतू बघतो, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट. हे आमच्या यादीत नाही."

"यादीत कधी येणार?"

"वरून आलं की."

वर म्हणजे कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला संताप आला. माल विकणारा मोकळा, वापरून ड्रम भंगारात काढणारा मोकळा, यादी करणारा मोकळा. अडकली कोण? तर आंबीलीत पाणी घालणारी पोरगी.

तिथून ड्रम घेऊन त्या भंगारवाल्याकडे गेलो; त्याने कुरकूर केली नाही. "बदलून देतो. हा ऱ्हाऊ द्या हितंच."

"ह्याचं काय करशील?" मंगलने विचारलं.

"दुसरं गिऱ्हाईक येतंय की."

"उचला हो," मंगल नवऱ्याला म्हणाली.

ड्रम परत गावी नेला. अंगणात दाजींनी पहार घेतली आणि त्याच्या बुडाला, पोटाला भोकं पाडली. धट्टाकट्टा ड्रम होता. जाळायचा नाही, पुरायचा नाही. म्हणून तो गोठ्यामागे पडला. तोवर मंगल दारोदार फिरून आली होती. काहींनी असले ड्रम रिकामे केले. काही म्हणाले, "आदी दुसरा आनून द्या, मग फेकतो." त्यांचं काय चुकलं? पाणी नळाला कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आलं की साठवायचं कशात?

मी सांगलीला परतले. माणसं विचारतात, कशी झाली येळवस? मी भज्जीचं सांगते, हरभऱ्याचं सांगते, आणि मग आवाज चढतो. ऐकणारे घड्याळ बघतात. बघू देत.

परवा रेखाचा फोन आला. मुलगी झाली, वजन चांगलं भरलं. मागून दाजी मोठ्याने म्हणाले, "सांग ताईला, कायबी झालं न्हाई!" मलाही हसू आलं. मग रेखा फोन घेऊन आत गेली असावी, कारण आवाज हळू झाला.

"मावशी, हिला अंगावरचं पाजू ना?"

"पाज गं. बिनधास्त पाज. दुसरं काहीही देऊ नकोस," मी म्हणाले. ती रसायनं दुधातूनही थोडी उतरतात, पण अंगावरच्या दुधाचा फायदा त्याहून मोठा; डॉक्टरही हेच सांगतील. फोन ठेवला. बाळंतिणीला आपल्याच दुधाबद्दल परवानगी मागावी लागते, आणि ती द्यायची जबाबदारी कुठल्याच यादीत कुणाच्या नावावर नाही, म्हणून ती एका निवृत्त मास्तरणीला विचारते.