नेत्राला दिलेले स्टार

नेत्रा शेजवळ माझ्याकडे शिकायला आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. असं मी गेली सहा वर्षं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे येत होता. बाहीसुद्धा लावता यायची, फक्त जरा वाकडी. पण तिच्याबद्दल काही सांगायला बसले की माझी जीभ आपोआप तिकडे वळते, त्याला मी काय करू.

मी संजीवनी भालेराव. अंबरनाथ पश्चिमेला, विहाराच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. नेत्रा पालेगावची. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने माझ्याकडे आली. बारीक अंगाची, बोलायला मऊ. गिऱ्हाईक कितीही वैतागून आलं तरी ही आधी त्याला पाणी द्यायची. मी म्हणायचे, पाणी राहू दे, हात चालव. पण बायका मला विचारायच्या, "आज ती पाणी देणारी मुलगी नाही का?" माझ्या दुकानात उभं राहून मलाच विचारायच्या.

दोन वर्षं ती माझ्या हाताखाली होती. बाही मुंढ्याला लावताना कापड जरा जरी ओढलं गेलं तर काखेपाशी बारीक चुण्या पडतात. घालणारीला त्या दिसत नाहीत. हात वर केला की थोडं काचतं, एवढंच. मला मात्र लांबून दिसतात. तसं दिसलं की मी म्हणते, "काख रडतेय, उसव." हे माझं स्वतःचं बोलणं, दुसऱ्या कुठल्या टेलरच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. नेत्राने ते दिवसातून चार वेळा ऐकलं आणि चार वेळा उसवलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तेव्हा मला ते बरं वाटायचं. आता आठवलं की राग येतो.

मग तिने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. पेढे घेऊन पाया पडायला आली. मी हसून पेढा खाल्ला आणि आतून नुसती जळत होते.

तरी ते मी गिळलं असतं. गिळवले नाहीत ते तिचे स्टार. फोनवर नकाशा उघडून "ब्लाउज टेलर" टाकलं की पहिलं नाव नेत्राचं येतं. चार पूर्णांक नऊ, आणि दोनशे बारा जणांचे रिव्ह्यू. मला तीन पूर्णांक सहा, तेही अकरा जणांचे. त्यातल्या एकीने एकच स्टार दिलाय, कारण ती आली त्या दिवशी मी दीक्षाभूमीला गेले होते आणि दुकान बंद होतं. दुसऱ्या एकाने लिहिलंय, पार्किंग नाही. ब्लाउजला पार्किंग कशाला लागतं?

फेब्रुवारीत गोष्ट थेट माझ्या घरापर्यंत आली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला आमच्या महिला मंडळाच्या चाळीस बायका एकसारख्या निघतात. पांढरी साडी, निळा काठ, आणि सगळ्यांचं पांढरं ब्लाउज एकाच हातचं. गेली चौदा वर्षं तो हात माझा होता. मिरवणुकीत मी मुद्दाम शेवटच्या रांगेत चालते. पुढे पाठीच पाठी, आणि त्या सगळ्या माझ्या. वर्षभरात मला दुसरं काही नको असतं.

यंदा मंडळाची सचिव झाली प्रीती. कल्याणला बँकेत असते. मला म्हणाली, "काकू, राग नका मानू, पण यंदा आपण रिव्ह्यू बघून फायनल करू. सगळं ओपन राहतं. मग कोणी बोलायला नको की ओळखीत दिलं."

"चौदा वर्षं काय ओळखीत दिलं का?" मी म्हटलं.

"तसं नाही हो काकू. पण नेत्राताईंचे स्टार बघा ना."

बघितले. एकूण एक बघितले. आठवडाभर मशीन बाजूला ठेवून मी दोनशे बारा रिव्ह्यू वाचून काढले. त्यात एक कोणी राजेंद्र सापडला. त्याने सुरतेतल्या दातांच्या दवाखान्याला पाच दिलेत, जोधपूरच्या हॉटेलला पाच दिलेत, आणि नेत्राच्या ब्लाउजला पाच. लिहिलंय, "व्हेरी टेस्टी अँड क्विक सर्व्हिस." असे पंचवीस-तीस तरी निघाले. माझा आनंद गगनात मावेना. अस्तर आणायला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले, तेव्हा तिथल्या सिंधी शेठला फोन दाखवला. तो हसला. म्हणाला, "दीदी, ये तो पॅकेज में मिलता है. हमने भी लिया था. आप भी ले लो." मी म्हटलं, मेले तरी घेणार नाही.

पण खोटं सांगत नाही, त्या तीस खोट्यांनी मला काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो उरलेल्यांचा. ती नावं माझ्या ओळखीची होती. शेजारच्या देऊची सून. दवाखान्यातली करिष्मा सिस्टर. नगरपालिकेच्या शाळेतल्या भावना मॅडम, ज्यांचं लग्नाचं ब्लाउज मी शिवलं होतं. "नेत्राताई प्रेमाने मापं घेतात." "दुकानात गेलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं." पाणी दिल्याचंसुद्धा लिहिलं होतं, तेही सात जणींनी. कुणी विकत घेतलेलं असतं तर मी आरामात झोपले असते.

भावना मॅडमनी फोटोही टाकला होता. आरशासमोर, एक हात केसांत. मी दोन बोटांनी तो मोठा केला. अजून मोठा केला. आणि उजव्या काखेपाशी मला तीन बारीक चुण्या दिसल्या.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. त्याच दुपारी जुन्या फोनवर नवीन खातं उघडलं. नाव घेतलं सोनी, गाव बेलवली, बदलापूर. एक स्टार दिला आणि लिहिलं, "मैत्रिणीने इथे फोटो टाकलाय, ते ब्लाउज पाहिलं. उजवी काख रडतेय. एवढं नाव झालंय, पण बाही नीट लावता येत नाही." पाठवलं आणि चहा ठेवला. कित्येक दिवसांनी चहाला चव लागली.

दुसऱ्या दिवशी त्याखाली नेत्राचं उत्तर आलं होतं. "सोनीताई, तुमचं बरोबर आहे. मॅडमचं ब्लाउज परत मागवून बाही उसवली आणि पुन्हा लावली. काख आता रडत नाही. पुन्हा काही दिसलं तर दुकानात येऊन हक्काने सांगा."

मी ते वाचलं, मग माझं वाचलं. बेलवलीची सोनी "चुण्या पडल्या" म्हणाली असती, "फिटिंग बेकार" म्हणाली असती. काख रडते हे जगात दोनच बायकांना माहीत होतं, आणि त्यातली एक मी. पुसून टाकायला जुना फोन काढला, तर खात्याचा पासवर्ड आठवेना. घाईघाईत काहीतरी टाकला होता. तो रिव्ह्यू अजून तिथेच आहे.

रविवारी विहारात मंडळाची बैठक झाली. नेत्राही आली होती, मागे बसली होती. माझ्याकडे बघून नेहमीसारखं हसली. मी चटईकडे बघत बसले.

प्रीती उभी राहिली. "खरं सांगू का, दोनशे लोक पाच-पाच स्टार देतात त्यावर माझा पण भरवसा नव्हता. आजकाल काय, कोणी पण लिहितं. पण काल हा एक वाईट रिव्ह्यू वाचला." आणि तिने माझं लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मग नेत्राचं उत्तर वाचलं.

भावना मॅडम म्हणाल्या, "हो, तिने फोन करून ब्लाउज परत मागवलं. मला तर काही कळलंच नव्हतं. मी दोनदा घालून शाळेत गेले होते."

"बघा," प्रीती म्हणाली. "चूक दाखवल्यावर भांडत नाही, दुरुस्त करून देते. माझा निर्णय ह्यावर झाला."

चाळीसच्या चाळीस ब्लाउजं नेत्राला गेली. तिच्या दोनशे बारा कौतुकांनी जे झालं नव्हतं ते माझ्या एका ओळीने केलं. मीसुद्धा हात वर केला. न करून काय सांगणार होते?

आणि मी मंडळाची सभासद असल्यामुळे मापं द्यायला मलाही तिच्याकडेच जावं लागलं. तिने आधी पाणी दिलं. मी प्यायले नाही. मग प्यायले, कारण उन्हातून गेले होते. तिने टेप माझ्या दंडाभोवती धरली आणि खाली मान घालून म्हणाली, "ताई, सुरुवातीचे तीसेक स्टार दिराने विकत आणले होते. दुकानात कोणी फिरकत नव्हतं. मला कळलं तेव्हा लाज वाटली, पण काढता येत नाहीत ते."

मी दुसरा दंड पुढे केला. माझीही बोलायची वेळ तीच होती, हे मला समजत होतं.

तिने मुंढ्याचं माप घेतलं, वहीत लिहिलं. "दोनशे जणींनी छान म्हटलं, ताई. रडतेय म्हणून कोणीच सांगितलं नाही इतक्या वर्षांत. मला वाटलं, आता मला चुकता येतच नाही." मग टेप गुंडाळत म्हणाली, "पुढच्या वेळी तिथे नका लिहू. इथे येऊन सांगा."

मी पर्स उचलली आणि निघाले.

चौदा एप्रिलला नेहमीसारखी शेवटच्या रांगेत होते. स्टेशनसमोर घोषणा सुरू झाल्या आणि पुढच्या बायकांचे हात एकदम वर गेले. मी एकेक काख बघत चालले. उन्हात डोळे दुखेपर्यंत बघितल्या. एकीचीही रडत नव्हती. माझा हात मीच वर करून पाहिला. कुठे काचलं नाही. पांढऱ्या कापडावर तशी बाही बसवायला मला पंधरा वर्षं लागली होती.

घरी येऊन साडीही न बदलता फोन घेतला आणि नेत्राचं दुकान उघडलं. या वेळी माझ्या खऱ्या नावाने, संजीवनी भालेराव. "शिलाई चांगली," एवढं लिहिलं. अंगठा पाचव्या स्टारपर्यंत गेला होता.

चार दिले. तिचं चार पूर्णांक नऊ जागचं हललंसुद्धा नाही.